रविवारची गोळी

प्रिय मुली,

तुझी मेल शुक्रवारी रात्रीच वाचली. शनिवारी बोटं टायपिंगला राजी नव्हती, म्हणून उत्तराला आज रविवार उजाडला. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचं निदान झालंय, पीएच.डी.चं दुसरं वर्ष आहे, आणि तू विचारतेस, ‘गाईडला न सांगता निभावता येईल का?’ येईलही. मी साडेतीन वर्षं निभावलं होतं. कसं, ते आधी ऐक.

मी एकतीस वर्षांची होते. सकाळी पेशी वाढवायच्या फ्लास्कचं झाकण उघडेना, तर मी कंपनीला शिव्या घालायचे. मग सगळ्यांच्या आधी तासभर लॅबमध्ये यायला लागले आणि सदतीस अंशांच्या वॉटर बाथमध्ये, म्हणजे कोमट पाण्याच्या टाकीत, हात बुडवून उभी राहायचे. एखाद्या ज्युनिअरने हे केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. वॉटर बाथ म्हणजे बुरशीचं माहेरघर!

तेव्हा मी मेथोट्रेक्सेट या कर्करोगावरच्या औषधाला दाद न देणाऱ्या पेशी तयार करत होते. औषधाचा डोस हळूहळू चढवत न्यायचा, बहुतेक पेशी मरतात, ज्या तगतात त्या वाढवायच्या. सात महिने लागले. अशा पेशी वेळच्या वेळी गोठवून ठेवायच्या असतात, हे तुला माहीत आहेच. पण त्या चिमुकल्या व्हायल्सची, म्हणजे कुप्यांची, झाकणं फिरवताना डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून मी ‘सोमवारी करू’ म्हणत राहिले. एका सोमवारी इन्क्युबेटर उघडला तर सगळे फ्लास्क बुरशीने पांढरे. गोठवलेला साठा शून्य. बुरशी माझ्याच हातांनी गेली का, हे कळायला मार्ग नाही, पण मला शंका आहे.

त्या दिवशी गाईडसमोर रडत सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “वही दाखव.” वहीत काय होतं? ‘थोडं हलवणे.’ ‘नेहमीप्रमाणे प्लेट लावली.’ ती वाचून दुसऱ्या कुणालाही काम करता आलं नसतं. पिपेट, म्हणजे द्रव मोजून घालायची नळी, आता ज्युनिअरच्या हातात जाणार होती, म्हणून मी पहिल्यांदा प्रत्येक पायरी लिहून काढली: किती सेकंद, कोणत्या बाजूला, प्लेटच्या कुठल्या वेलमध्ये, म्हणजे खळग्यात, काय. त्याने ते कागदाबरहुकूम केलं आणि माझा सर्वांत देखणा निकाल निम्म्याहून खाली आला. आठवडाभर मी त्याच्यावर चिडले होते. मग लक्षात आलं, शहाण्णव वेलच्या प्लेटमध्ये तुलनेसाठीच्या, औषध न दिलेल्या पेशी मी सवयीने कडेच्या वेलमध्ये ठेवत होते. कडेचे वेल लवकर सुकतात, त्यांतल्या पेशींची वाढ बिघडते. लिहिताना मला स्वतःलाच ते विचित्र वाटलं होतं, म्हणून कागदावर जागा बदलून टाकली होती. माझे हात धड असते तर तो निकाल मी छापून मोकळी झाले असते.

आता गंमत बघ. ज्या औषधाला न जुमानणाऱ्या पेशी मी वाढवत होते, तेच औषध डॉक्टरांनी मला लिहून दिलं. चिठ्ठी हातात घेऊन मी हसतच सुटले. डॉक्टरांना वाटलं, बाईंना धक्का बसला.

या गोळीचं एक टोक आपल्या परळला आहे. 1928 मध्ये लुसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा शोध घेऊ लागली. त्यांत गिरणीत राबणाऱ्या बायका होत्या. मार्माइट नावाच्या स्वस्त यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात, असं तिला आढळलं. त्यातला घटक पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला. अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाच्या चमूने ते कृत्रिमरीत्या बनवलं, मग त्याची वाट अडवणारी रसायनंही बनवली. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी त्यांतलं एक, अमिनॉप्टेरिन, ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झालेल्या 16 मुलांना दिलं. 10 जणांना तात्पुरता का होईना, उतार पडला. हे छापून आलं 1948 मध्ये. मेथोट्रेक्सेट हे त्याचंच भावंड. संधिवातात त्याचा डोस फारच लहान असतो आणि ते काम करतं तेही बरंचसं वेगळ्या वाटेने. मेथोट्रेक्सेटच्या दुसऱ्या दिवशी मी फॉलिक अॅसिडची गोळी घेते, तेव्हा त्या गिरणीतल्या बायका हटकून आठवतात.

तुलाही हेच औषध मिळालं असेल तर नीट ऐक. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेऊन माणसं दगावली आहेत. वार ठरव, तो डबीवर लिही, घरच्यांनाही सांग. रक्ततपासणी चुकवू नकोस. पुढे मूल हवं असेल तर गोळी कधी थांबवायची, हे डॉक्टरांना आधीच विचार, लाजू नकोस. आणि जंतूंचं काम करत असशील तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असल्याचं लॅबमध्ये सांगावंच लागेल. तिथे तुझा लपवाछपवीचा बेत तसाही बारगळतो.

गाईड चांगले निघतील याची हमी मी देत नाही. माझे निघाले. पुढे एका मुलाखतीत मला ‘अशा तब्येतीत लॅब कशी चालवणार?’ असं विचारलं गेलं, आणि ती जागा मिळाली नाही. त्याचा राग अजून आहे. म्हणून आधी एकाच माणसाला सांग, पण जो तुझ्या जागी फ्लास्क उघडू शकेल अशाला.

इलेक्ट्रॉनिक पिपेट महाग असते, तरी माग. पेशी मात्र याच आठवड्यात गोठव, दुसऱ्या कुणाकडून झाकणं लावून घेऊन.

पुढच्या बुधवारी ये. येताना वही आण, कोरी नव्हे, चालू असलेली. अकराच्या आधी नको, तोवर माझ्या मुठी उघडत नाहीत. चहा तू करशील. आमचं गाळणं मला पिळता येत नाही, आणि हे सांगायला मला वीस वर्षं लागली.

तुझी,
बाई