परदेशी गिऱ्हाईक आणि आपलं ‘होऊन जाईल’

प्रश्न : डोंबिवली एमआयडीसीत आमचा पितळी सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे. जर्मनीच्या एका कंपनीला नियमित माल जातो. मागच्या लॉटमध्ये काही भागांचा व्यास टॉलरन्सच्या, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाच्या, बाहेर गेला. आम्ही लगेच माफी मागितली, भाग बदलून देतो म्हणालो. तरी त्यांच्या तुटक मेल येतच आहेत आणि ‘८डी रिपोर्ट’ मागताहेत. फोन करून समजूत काढावी का?

फोन जरूर करा, पण त्याने प्रकरण मिटणार नाही. तुटक भाषेला राग समजू नका. तिथला इंजिनिअर भागाबद्दल तक्रार करतो, तुमच्याबद्दल नाही. गोड बोलून विषय टाळला, तर मात्र तो खरोखर बिथरतो.

८डी म्हणजे तक्रार सोडवायच्या आठ पायऱ्या. आपल्याकडचे रिपोर्ट अडकतात ते तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर. तिसरी पायरी नुकसान रोखायची. संशयित माल तुमच्या स्टोअरमध्ये किती, बोटीवर किती, त्यांच्या गोदामात किती, हे तीन आकडे आणि प्रत्येक ठिकाणच्या मालाचं काय करणार ते लिहा. कारण सापडलेलं नसलं तरी हे एक-दोन दिवसांत जायला हवं. कारण सापडेपर्यंत गप्प बसणं ही आपली नेहमीची चूक, आणि रोजच्या मेल त्यामुळेच येतात.

चौथी पायरी मूळ कारणाची. इथे ‘ऑपरेटरची चूक’ लिहिलं की रिपोर्ट परत आलाच म्हणून समजा. ऑपरेटरला चूक करता आली कशी, ते त्यांना हवं असतं. इन्सर्ट (धातू कापणारं पातं) झिजला होता का? किती नगांनंतर बदलायचा हे कुठे लिहिलेलं होतं का? गेजच्या (मोजायच्या साधनाच्या) कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकता तपासल्याची, मुदत संपली होती का? याच्या जोडीला दुसरं कारणही द्यावं लागतं: खराब भाग तपासणीत पकडला का गेला नाही. पुढच्या उपायांसमोर माणसाचं नाव आणि तारीख लिहा. ‘यापुढे काळजी घेऊ’ या वाक्याला तिथे शून्य किंमत आहे. रिपोर्ट नीट गेला तर पुढच्या ऑर्डरची फार काळजी करू नका. चूक झाली यापेक्षा ती कशी हाताळली, याकडे त्यांचं जास्त लक्ष असतं.

आकडेही एकदा तपासून घ्या. जर्मन लिखाणात दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब असतं. त्यांचं ०,०५ म्हणजे आपलं ०.०५. ‘१.२५०’ नग म्हणजे साडेबाराशे, सव्वा नव्हे. आपलं १,२५,००० त्यांना छपाईची चूक वाटते, तेव्हा १२५ हजार असं अक्षरी लिहा, लाख-कोटी टाळा. तारखेत महिन्याचं नाव घाला. ऑर्डरवर ‘केडब्ल्यू ३२’ असेल तर तो वर्षातला बत्तिसावा आठवडा. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि ज्या आठवड्यात ४ जानेवारी येते तो पहिला. त्या आठवड्यात माल न्हावाशेवाहून निघायचा की त्यांच्या दारात पोचायचा, हे लेखी विचारून घ्या. एवढ्या एका गैरसमजात बोटीच्या प्रवासाचे सगळे दिवस हातातून जातात.

प्रश्न : ठाण्यात आमची आठ जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. टोकियोच्या ग्राहकाला योजना दाखवली. सगळे ‘हाय, हाय’ म्हणत माना डोलावत होते. दोन आठवडे झाले, निर्णय नाही. शिवाय न्यूयॉर्कच्या ग्राहकाबरोबरचा कॉल मार्चमध्ये एक तास चुकला.

‘हाय’चा अर्थ ‘हो’ असला तरी बैठकीत तो बहुतेक वेळा ‘ऐकतोय’ एवढाच असतो, आपण फोनवर ‘हं… हं…’ करतो तसा. जुन्या धाटणीच्या जपानी कंपन्यांत बैठकीत निर्णय होत नाही, आधी झालेला निर्णय तिथे जाहीर होतो. आधीच्या गाठीभेटींना ‘नेमावाशी’ म्हणतात. झाड हलवण्याआधी मुळांभोवतीची माती मोकळी करणं, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. नंतर प्रस्तावाचा कागद संबंधितांच्या संमतीसाठी एकेका टेबलावरून फिरतो, ती ‘रिंगी’. म्हणून बैठकीत नवीन काही काढून चकित करू नका. तीन-चार दिवस आधी मजकूर पाठवा. तुमच्या संपर्कातल्या माणसाला विचारा: हा कागद आणखी कोण पाहणार, आणि त्यांच्या शंका काय असतील? वरच्यांना दाखवायला त्याला एक पानाचा गोषवारा तयार करून द्या. ‘विचार करतो’ किंवा ‘जरा अवघड आहे’ असं उत्तर आलं तर ते बहुधा नकारच समजा आणि प्रस्ताव बदलून न्या.

खरं तर आपलंही वेगळं नाही. ‘बघतो’, ‘होऊन जाईल’, ‘आजच्या आज टाकतो’ यांतलं नेमकं कोणतं पक्कं, ते फक्त आपल्याला कळतं. टीमला एकच नियम घाला: ग्राहकाला जाणाऱ्या प्रत्येक ‘हो’पुढे तारीख, वेळ आणि कोणाच्या घड्याळाची वेळ तेही. ‘बुधवारी मुंबईचे संध्याकाळचे ५’ असं.

टोकियो आपल्या साडेतीन तास पुढे, आणि तिथे उन्हाळ्यात घड्याळ बदलत नाही. त्यांची दुपार २ ते ४.३० म्हणजे आपली सकाळ १०.३० ते १. तुमची माणसं लोकलमधून उतरून जागेवर बसलेली असतात अशी हीच वेळ. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. त्यामुळे न्यूयॉर्कचा फरक साडेदहा तासांचा साडेनऊ होतो. युरोप मात्र मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतो, म्हणजे मधले काही आठवडे दोन्हीकडचं गणित वेगळं. कॅलेंडरमधली बैठक ग्राहकाच्या टाइम झोनमध्ये लावा, मग ती आपोआप सरकते.

प्रश्न : मशीद बंदरात आमचा मसाल्यांचा धंदा आहे. दुबई आणि जेद्दाला एफओबीने (भाव बोटीवर माल चढवून देण्यापर्यंतचा) कंटेनर जातात. कंटेनर टर्मिनलच्या यार्डात उभा असताना माल भिजला, तर नुकसान कोणाचं?

तुमचं. एफओबीमध्ये माल बोटीवर चढेपर्यंतची जोखीम विकणाऱ्याची असते. कंटेनर आपण टर्मिनलला सोपवून मोकळे होतो, पण बोट लागेपर्यंत तो तिथे उभा असतो. म्हणूनच कंटेनरच्या मालाला एफसीए ही अट बरी. ठरलेल्या जागी वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम संपली. मात्र लेटर ऑफ क्रेडिटवर (पैशाच्या बँकहमीवर) माल जात असेल तर बँकेला ‘ऑन बोर्ड’, म्हणजे माल बोटीवर चढला, असा शेरा असलेलं बिल ऑफ लेडिंग (बोट कंपनीची मालाची पावती) लागतं. इन्कोटर्म्स २०२० (या अटींची आंतरराष्ट्रीय नियमावली) मधल्या एफसीएमध्ये ते मिळवायची तरतूद आहे, ती करारात आधीच लिहून घ्या. पार्टी सीआयएफ (भावात विमा आणि बोटीचं भाडंही धरलेलं) मागत असेल तर विमा बघा. किमान विमा ‘क्लॉज सी’चा असतो आणि त्यात पावसाने भिजलेला माल बसत नाही. मसाल्याला ‘क्लॉज ए’, म्हणजे सगळ्यात व्यापक विमा, घ्या, थोडा प्रीमियम जास्त पडला तरी.

लाकडी पॅलेटवर आयएसपीएम-१५ (लाकडातून कीड पसरू नये म्हणूनचा आंतरराष्ट्रीय नियम) चा शिक्का आहे का, ते कंटेनर भरायच्या आधी पाहा. उष्णतेच्या प्रक्रियेत लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं ठेवतात. हा नियम पाळणाऱ्या देशात शिक्का नसलेलं पॅलेट सापडलं की कंटेनर अडकतो आणि भाडं चढत राहतं.

दुबई आणि जेद्दाला एकाच कॅलेंडरवर धरू नका. जानेवारी २०२२ पासून दुबईतल्या सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस असतो. सौदीत सुट्टी शुक्रवार-शनिवार. जेद्दाला गुरुवारी संध्याकाळी केलेली मेल रविवारी उघडते, आणि त्या रविवारी उत्तर द्यायला आपल्याकडे कोणी नसतं. एका माणसाला रविवारी दोन तास बसवा, एक दिवस वाचतो. रमजान दर वर्षी १०-११ दिवस अलीकडे येतो. त्या महिन्यात कामाचे तास कमी, सह्या उशिरा. मसाल्याची मागणी त्याच्या आधी वाढते, म्हणून माल रमजान लागण्यापूर्वी त्यांच्या गोदामात हवा.

प्रश्न : दुबईत कंपनी काढून धाकट्या भावाला तिथे बसवायचं आहे. माझ्या बचत खात्यातून पैसे पाठवले तर चालतील?

निवासी व्यक्तीला एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली) आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. पण परदेशी कंपनीत भांडवल घालायचं तर बँकेत आधी फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणुकीचा अर्ज) भरून यूआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक, घ्यावा लागतो. ‘घरखर्च’ म्हणून पाठवून नंतर भांडवल दाखवलं, तर ते निस्तरायला सीएची फी आणि दंड दोन्ही. ताबा तुमच्याकडे असेल तर दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कामगिरीचा अहवालही द्यायचा असतो. भावाच्या कंपनीला माल बाजारभावानेच विका आणि तो भाव कसा ठरवला, ते कागदावर ठेवा.

प्रश्न : चीनच्या पुरवठादाराची मेल आली आहे, ‘आमचं बँक खातं बदललं, आगाऊ रक्कम नव्या खात्यात भरा.’ भरू का?

थांबा. मेलमधला फोन नंबर वापरू नका. जुन्या इन्व्हॉइसवरच्या नंबरावर, ओळखीच्या माणसाशी बोला. खातेदाराचं नाव कंपनीच्या नावाशी जुळतं का आणि बँक त्याच देशातली आहे का, तेही बघा. आधी थोडी रक्कम पाठवून पाहू, हा उपाय इथे कामाचा नाही. मेल हॅक झालेली असेल तर ती रक्कम चोरालाच मिळते, आणि ‘पोचली, धन्यवाद’ हे उत्तरही तोच पाठवतो.