ऑनलाइनला टॅक्स नाही, हे सांगितलं कोणी?

प्रश्न : ताई, माझं कराडला मिक्सर-कुकरचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. हल्ली गिऱ्हाईक येतं, मिक्सर उलटासुलटा करून बघतं, जार लावून बघतं, आवाज किती येतो तेही चालू करून बघतं आणि मग आमच्यासमोरच मोबाइल काढून म्हणतं, ऑनलाइन साडेतीनशेनं स्वस्त आहे. आम्ही इथे जीएसटी भरून मरायचं आणि त्यांनी बिनटॅक्सचा माल विकायचा का? माझा भाचा न्यू जर्सीला असतो, तो म्हणतो अमेरिकेत ऑनलाइनला टॅक्स नसायचाच. आपल्याकडे ऑनलाइन खरेदीवर टॅक्स लागायला हवा की नको, तुमचं स्पष्ट मत सांगा.

उत्तर : स्पष्टच सांगते. लागायला हवा, आणि तो लागतोच आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून दुकानातल्या मिक्सरला जो रेट तोच ऑनलाइन मिक्सरला, आज १८ टक्के. फक्त ऑनलाइन किंमत टॅक्स धरूनच दाखवतात म्हणून तो डोळ्यावर येत नाही. पुढच्या वेळी असं गिऱ्हाईक आलं की त्याला म्हणा, मागच्या ऑर्डरचं बिल उघडून दाखव.

समजा ऑनलाइन मिक्सर २,९५० ला आहे. त्यात माल २,५०० चा आणि टॅक्स ४५०. तुमच्याकडे तोच ३,३०४ ला, म्हणजे माल २,८०० चा आणि टॅक्स ५०४. फरक ३५४ रुपयांचा, त्यातले ३०० हे निव्वळ मालाच्या किमतीतले आणि उरलेले ५४ सुद्धा तुमची मूळ किंमत जास्त म्हणून. म्हणजे टॅक्समुळे तुम्ही महाग नाही आहात, किंमत जास्त म्हणून टॅक्स जास्त पडतोय. वर खरेदीवर भरलेला जीएसटी तुम्हालाही वजा मिळतो आणि ऑनलाइन विकणाऱ्यालाही, तिथेही दोघं सारखेच.

त्याच बिलावर विकणाऱ्याचा जीएसटी नंबर असतो, त्याचे पहिले दोन आकडे बघा. २७ म्हणजे महाराष्ट्र, २४ गुजरात, २९ कर्नाटक. २७ असेल, म्हणजे माल भिवंडीच्या गोडाऊनमधून वगैरे आलाय, तर बिलावर सीजीएसटी (केंद्राचा) ९ आणि एसजीएसटी (राज्याचा) ९ टक्के असे दोन तुकडे दिसतील, २४ किंवा २९ असेल तर एकच आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा) १८ टक्के दिसेल. तरी त्यातला राज्याचा वाटा महाराष्ट्रालाच येतो, कारण माल कराडच्या घरात पोचला. जिथे वस्तू वापरली जाते तिथे टॅक्स जमा व्हायला हवा, मला तरी हे एकदम रास्त वाटतं, कारण रस्ते नि नळपाणी त्या गिऱ्हाइकाला कराडला लागतं, बेंगळुरूला नाही. २०१७ च्या आधी उलटं होतं. बेंगळुरूहून तुमच्या गल्लीत पार्सल आलं तर टॅक्स कर्नाटकाच्या खात्यात, आणि म्हणून तेव्हा उत्तराखंड, गुजरातसारख्या राज्यांनी बाहेरून येणाऱ्या ऑनलाइन मालावर वेगळा प्रवेशकर बसवायला सुरुवात केली होती.

आता तुमचा भाचा. तो खोटं बोलत नाहीये, फक्त जुनं सांगतोय. अमेरिकेत आपल्यासारखा देशभर एक टॅक्स नाही, विक्रीकर ज्या त्या राज्याचा. १९९२ साली क्विल नावाच्या, कॅटलॉगवरून ऑफिसचं सामान विकणाऱ्या कंपनीच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की ज्या राज्यात कंपनीचं दुकान, गोडाऊन, माणूस काहीच नाही त्या राज्याला तिच्याकडून टॅक्स गोळा करून घेता येणार नाही. इंटरनेटचा धंदा तेव्हा नव्हताच, पण पुढे पंचवीस वर्षं ऑनलाइनवाले त्याच निकालाच्या आडोशाला राहिले. गंमत म्हणजे गिऱ्हाइकानं स्वतः हिशोब करून आपल्या राज्याला तो टॅक्स भरायचा असा नियम होताच, आता सांगा, स्वतःहून कोण भरणार? मग साउथ डकोटा राज्यानं कायदा केला की वर्षात आमच्याकडे एक लाख डॉलरचा माल किंवा २०० ऑर्डरी गेल्या की टॅक्स गोळा करायचाच. वेफेअर ही फर्निचर विकणारी कंपनी आणि आणखी काही जण कोर्टात भांडले आणि २१ जून २०१८ ला सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी राज्याच्या बाजूनं कौल दिला. त्या राज्यात इन्कम टॅक्सच नाही, सगळी भिस्त विक्रीकरावर, त्यामुळे त्यांची तगमग कळण्यासारखी आहे. भाच्याला आजची बिलं बघायला सांगा, न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के लागलेला दिसेल. कपड्यांवर नसेल, पण तिथे कपडे दुकानातही माफच आहेत.

एक कडू गोष्ट सांगते, राग मानू नका. "पक्कं बिल हवंय की असंच देऊ?" हा प्रश्न ऑनलाइन कोणी विचारत नाही, बाजारपेठेत विचारतात. बिनटॅक्सचा माल कुठे विकला जातो असं खरंच शोधायला निघालो तर पहिला थांबा वेबसाइट नसेल. तुम्ही तसं करता असं मी म्हणत नाहीये, पण व्यापारी संघटनेच्या मीटिंगमध्ये "ऑनलाइनवर टॅक्स लावा" म्हणून निवेदन द्यायला गेलात तर समोरचा अधिकारी हसेल, एवढंच.

भांडायचंच असेल तर त्या ३०० रुपयांवर भांडा. एवढं स्वस्त परवडतं कसं, तोटा कोण सोसतं? १ फेब्रुवारी २०१९ पासून नियम आहे की परदेशी पैसा असलेल्या ऑनलाइन बाजारानं नुसती जागा द्यायची, मालाची किंमत ठरवण्यात आडूनही हात घालायचा नाही. दिल्लीच्या व्यापाऱ्यांनी याच सवलतींवरून स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली आणि जानेवारी २०२० मध्ये आयोगानं अॅमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला. संघटनेची ताकद तिकडे लावली तर काही हाती लागेल.

आणि तुम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत असाल तर दुखणं वेगळंच आहे. एक टक्का स्वतःच्या खिशातून भरायचा, गिऱ्हाइकाकडून टॅक्स घ्यायचा नाही आणि खरेदीवरचा वजाही मिळत नाही. मग शेजारचा जीएसटी नोंदणीवाला मसाल्याचा कारखानदार तुमच्याकडून मिक्सर का घेईल, त्याला जीएसटीचं बिल हवं असतं म्हणजे तो खरेदीवरचा टॅक्स वजा करून घेऊ शकतो, तो सरळ ऑनलाइन मागवतो. अशी गिऱ्हाइकं बरीच असतील तर सीएंना विचारून कंपोझिशनमधून बाहेर पडायचं गणित मांडून बघा.

प्रश्न : मी साताऱ्यात घरी कांदा-लसूण मसाला करून विकते, वर्षाचा धंदा दोन-अडीच लाखाचा. ऑनलाइन टाकायचा म्हटलं तर जीएसटी नंबर काढावाच लागेल असं सगळे सांगतात. खरं आहे का?

उत्तर : अर्धं खरं. आधी पहिल्या रुपयापासून नंबर लागायचा, समोरचा दुकानदार मात्र ४० लाखापर्यंत मोकळा. ऑनलाइनवर टॅक्स असावा या मताची मी आहे पण ही चक्क पायात घातलेली बेडी होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ती थोडी सैल झाली. फक्त महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकणार असाल आणि ४० लाखाच्या आत असाल तर जीएसटीच्या पोर्टलवर पॅन देऊन नुसता एनरोलमेंट नंबर घ्यायचा आणि तो वेबसाइटवाल्यांना द्यायचा. नोंदणी असलेल्या विक्रेत्यांच्या पैशातून कंपनी अर्धा टक्का टीसीएस, म्हणजे सरकारकडे भरायचा टॅक्स, आधीच कापून ठेवते, तोही तुमचा कापायचा नाही.

मेख पुढे आहे. पुण्याची ऑर्डर चालेल, बेळगावची किंवा पणजीची आली की राज्याबाहेरची विक्री झाली आणि तिथे मसाल्याला पहिल्या पाकिटापासून नोंदणी लागते, व्हॉट्सअॅपवरून ऑर्डर घेऊन कुरिअर केलं तरी सुद्धा. कोल्हापूरच्या बाईला चंदगडला पाठवता येतं आणि दोन पावलं पुढे बेळगावला नाही, हा काय न्याय आहे मला कळत नाही, ही ४० लाखाची मर्यादा राज्याबाहेरच्या छोट्या विक्रीलाही द्यायला हवी. तोवर वेबसाइटवर डिलिव्हरी फक्त महाराष्ट्रात अशी सेटिंग करून घ्या, लिस्टिंग करतानाच, नाहीतर पहिलीच ऑर्डर गोव्याची यायची.