ऊस मोडायच्या आधी हे वाच

बाळा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. दोन एकर ऊस मोडायचा, तिथं पॅडॉक (घोडी चरायला-फिरायला कुंपण घातलेली रानं) करायचे, तबेला बांधायचा, रेसची घोडी आणायची आणि आबांना अजून यातलं काहीच सांगितलेलं नाहीस. फोनवर हे बोलून होणार नाही म्हणून लिहितोय, लांबलं तरी शेवटपर्यंत वाच.

शेतकऱ्याच्या पोराने स्टड फार्मचं, म्हणजे रेसची घोडी पैदा करायच्या फार्मचं, स्वप्न बघू नये असं मला अजिबात वाटत नाही. मी पण ऊस आणि गाईच करत होतो की. कुठलं रान निचऱ्याचं आहे, कुठे हरळी आपोआप धरते, जनावर आज नेहमीपेक्षा कमी प्यायलंय का, हे तुला बघताक्षणी कळतं, ते पैसेवाल्यांना पगारी माणसं ठेवून मिळवावं लागतं. आणि वंश बघायची नजर तर आपल्या भागात घरोघरी आहे, खिलार खोंड दाखवला की तुझे आजोबा आधी त्याच्या आईची चौकशी करायचे. रेसच्या घोड्यातही तेच धर. स्टॅलियनचं, म्हणजे पैदाशीच्या घोड्याचं, नाव पेपरात येतं, पण त्याची एका वर्षात कितीतरी शिंगरं होतात, घोडीचं मात्र वर्षाला एकच, तेही सगळं नीट झालं तर. म्हणून ब्रीडरची खरी इस्टेट म्हणजे घोडी. तबेला, कुंपण, फाटकावरची पाटी हे सगळं नंतर.

आता तू पाठवलेल्या व्हिडिओबद्दल. अमेरिकेतला रेसचा घोडा कॅलिफोर्निया क्रोम, त्याची आई 8,000 डॉलरला घेतलेली आणि पोरगं 2014 ची केंटकी डर्बी, म्हणजे तिकडची मोठी रेस, जिंकलं, हे खरंय. पण त्या दोन मालकांनी आधी फार्म बांधला नव्हता. घोडी त्यांची होती, शिंगरू जन्मलं हॅरिस फार्म्स नावाच्या दुसऱ्याच्या फार्मवर, जुन्या जाणत्या माणसांच्या हाताखाली. व्हिडिओत हे दोन सेकंदात जातं आणि मला तर तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तूही तसंच कर. एक चांगल्या घराण्यातली, रेस संपलेली घोडी घे, आणि पहिली दोन-तीन वर्षं ती दुसऱ्याच्या स्टडवर खर्च देऊन ठेव. ऊस तसाच राहू दे, घोडीचा महिना ऊसच भागवणार आहे.

असं का म्हणतो ते सांगतो. गाईंचा अनुभव तुला जितका उपयोगी आहे तितकाच तो घोडीच्या बाबतीत घात करू शकतो. गाय व्याली आणि जार पडला नाही तर आपण रात्र काढतो, सकाळी डॉक्टरला फोन करतो. घोडीचा जार तीन तासात पडला नाही तर इमर्जन्सी समजायची, विष अंगात भिनून तिचे खूर सुजतात, ती लंगडते आणि कधीकधी जीवावर बेततं. पडला तरी गाडून टाकायचा नाही, आधी जमिनीवर पसरून बघायचा, कुठे फाटलाय का, एखादा तुकडा आत राहिलाय का. शिंगरू तासाभरात उभं राहायला हवं आणि दोन तासात सडाला लागायला हवं, चीक पोटात गेला नाही तर त्याच्याकडे रोगाशी लढायला काहीच नसतं. हे सगळं बहुतेक वेळा रात्रीच होतं कारण घोडी शांत वेळ बघून विते. एक-दोन दिवस आधी सडांच्या टोकाला मेणासारखे पिवळट थेंब दिसायला लागतात, ते दिसले की झोप विसरायची. पण सगळ्याच घोड्यांना दिसत नाहीत, म्हणून तर शेजारी जाणता मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा माणूस, पाहिजे.

चाऱ्याचं पण तसंच. घोड्याला उलटी करता येत नाही, बुरशी आलेला कडबा गाय एखादवेळी पचवेल, घोड्याला पोटशूळ उठला तर काही तासात खेळ संपतो. आणि गाईची गोळी पेंड घोड्यासमोर चुकूनही जाता कामा नये, काही पशुखाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं, गाईला ते चालतं, घोड्याच्या हृदयाला ते विष आहे. एकाच गोठ्यात दोन्ही ठेवायचा तुझा विचार आहे ना, तो आजच सोड.

अजून एक, इथे सिमेनची कांडी चालत नाही. थरोब्रेडला, म्हणजे रेसच्या जातीच्या घोडीला, कृत्रिम रेतन केलं तर शिंगराची स्टड बुकात, म्हणजे जातीच्या वंशावळीच्या नोंदवहीत, नोंदच होत नाही, घोडी ट्रकमध्ये घालून स्टॅलियनकडेच न्यावी लागते, पुढे डीएनए टेस्ट होते, चिप बसते. नोंद नाही म्हणजे रेस नाही.

आता हिशोब. फेब्रुवारीत घोडी फळली तर अकरा महिन्यांनी म्हणजे पुढच्या जानेवारीत शिंगरू. वय सगळ्यांचं 1 जानेवारीला बदलतं, मेमध्ये जन्मलेलंही त्याच दिवशी वर्षाचं धरतात, म्हणून सगळ्यांना लवकरचं शिंगरू हवं असतं आणि घोडी लवकर माजावर यावी म्हणून हिवाळ्यात तिच्या तबेल्यात सोळा-सोळा तास उजेड ठेवतात. ते दोन वर्षांचं झालं की विकायला काढायचं, म्हणजे पहिला रुपया यायला तीन वर्षं, आणि तोवर चारा, नालबंद, डॉक्टर, लसी चालूच. घोडी त्या वर्षी राहिलीच नाही तर अख्खं वर्ष कोरडं. इंडियन डर्बी तर चार वर्षांच्या घोड्यांची, ते स्वप्न अजून लांब. त्यात रेसच्या बेटिंगवर आधीच 28 टक्के जीएसटी होता आणि सप्टेंबर 2025 मध्ये तो 40 वर गेला, क्लबचं उत्पन्न आटलं की बक्षिसं आटतात, बक्षिसं आटली की आपल्या शिंगराला भाव कोण देणार. कर्ज काढून यात पडू नकोस, हे मी हात जोडून सांगतोय.

आणि जे पळणार नाही त्याचं काय करणार हे आत्ताच ठरव, कितीतरी घोडी-घोडे डर्बी सोड, साधी रेसही जिंकत नाहीत. पूनावालांनी 1946 ला स्टड काढला, त्यांचे निवृत्त घोडे सीरम (घोड्याच्या रक्तातून काढायचं औषध) बनवायला मुंबईच्या हाफकिन संस्थेला जायचे आणि त्यातूनच 1966 ला सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. आपल्याला तसं काही उभारायचं नाही, पण रायडिंग स्कूल, चांगलं घर, नाहीतर आपलंच रान, घोड्याला जागा हवीच. टांग्याला किंवा लग्नाच्या वरातीला देऊन मोकळं व्हायचं असेल तर शिंगरू जन्मालाच घालू नकोस.

जुलैपासून पुण्याचा सीझन सुरू होतो, तेव्हा एम्प्रेस गार्डनशेजारच्या रेसकोर्सवर पहाटेचं ट्रॅकवर्क, म्हणजे घोड्यांचा सराव, बघायला जाऊ, आत जायची परवानगी मी बघतो. तिथे बेटिंगकडे नाही, पायांकडे बघायचं, चालताना खूर कसा पडतो, दमल्यावर कोण मान टाकतं. पण त्याच्याआधी जानेवारी ते मार्च माझ्या ओळखीच्या स्टडवर रात्रपाळी कर, पगार मागू नकोस, खरारा, लीद, तोबरा सगळं करायचं आणि मोतद्दारांना मान देऊन विचारायचं, त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही.

आबांना मात्र या रविवारीच सांग. सांगून झालं की मला फोन कर, मी घरी येतो, ऊसाचं बिल आणि घोडीचा खर्च दोन्ही कागद समोर ठेवून तिघं बसू.

तुझा काका