विहिरीच्या कातळात उभ्या नळ्या दिसतात, मग लातूरला कधी समुद्र होता का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: औशाजवळच्या शेतात विहीर खोल करताना कातळात बोटाएवढ्या जाडीच्या उभ्या नळ्या दिसल्या, आत पांढरं काहीतरी भरलेलं. एका व्हिडिओत जीवाश्मांचे अभ्यासक तशाच नळ्या दाखवून 'इथे समुद्र होता' म्हणाले. मग आपल्याकडेही होता का, आणि नुसत्या बिळावरून समुद्र ओळखतात कसा?

तुमच्या विहिरीतल्या नळ्या किड्याच्या नाहीत, वायूच्या आहेत. फोटो न बघता एवढं ठाम सांगतोय, कारण हीच चूक मी स्वतः केलीय. तीही पोत्यात भरून.

एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला होतो. मामाच्या विहिरीचं काम चालू होतं आणि निघालेल्या ढिगात मला अशाच नळ्या दिसल्या. वर्गात नुकतंच ट्रेस फॉसिल, म्हणजे जिवांनी दगडात मागे ठेवलेल्या खुणा, शिकवून झालेलं, त्यामुळे डोळ्यांपुढे दुसरं काही येईना. खडक फोडणारा माणूस म्हणाला, "ह्ये तर हरेक हिरीत निघतंय की, मांजऱ्या हाय त्यो." मांजऱ्या म्हणजे असाच, भोकांत पांढरं भरलेला दगड. मी काही ऐकलं नाही. दहा-बारा किलोचा तुकडा पोत्यात घालून एसटीने तेव्हाच्या औरंगाबादला नेला. कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं ते वेगळंच.

सरांनी भिंग लावून अर्धा मिनिट बघितलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. नळीच्या भिंतीपासून मधोमध टोकं करून बारीक बारीक स्फटिक उगवलेले होते, पांढरे, थोडे हिरवट. सर म्हणाले, "किडा घराला आतून स्फटिकाची फरशी लावतो का रे?"

झालं होतं असं. आपला काळा दगड म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेला लाव्हा. त्याचं तापमान हजार अंशांच्या वर; त्यात कुठला जीव बीळ करणार? लाव्हाचा थर तळाकडून थिजत येतो तेव्हा आतला वायू नळ्यांसारखा वर चढतो. म्हणून या नळ्या बहुतेक वेळा थराच्या बुडाशी मिळतात, आणि दोन नळ्या वर जाऊन एकमेकींना मिळाल्या की उलटा वाय दिसतो. पुढे लाखो वर्षं पाणी झिरपून त्या पोकळीत झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशी स्फटिकं होणारी खनिजं साचतात. खऱ्या बिळात मात्र भरलेला असतो तो गाळ, वाळू किंवा चिखल. तुमचा तुकडा उन्हात तिरका धरून बघा. नळीचं पोट चमकलं तर प्रश्न मिटला.

आता बिळावरून समुद्र कसा ओळखतात ते. यात मी दहा-बारा वर्षं घालवली आहेत, त्यामुळे थोडं लांबेल.

ट्रेस फॉसिल म्हणजे जीव नव्हे, जिवाने केलेलं काम: बीळ, पायमाग, सरपटल्याची रेघ, लाकडाला किंवा शिंपल्याला पाडलेलं भोक, विष्ठासुद्धा. शंखशिंपल्यांपेक्षा आम्ही याच्यावर जास्त विसंबतो, कारण शिंपला वाहून येतो, बीळ वाहून येत नाही. ओढ्याने एखादा शंख मैलभर नेऊन टाकला तर तो जगला कुठे ते कळायला मार्ग नाही. बीळ जिथे खणलं तिथेच राहतं. कुणीतरी इथेच, याच चिखलात, याच पाण्याखाली होतं, एवढं तरी ते नक्की सांगतं.

आपल्या देवघरातल्या शाळिग्रामाचं बघा. आतलं चक्र म्हणजे अमोनाइट या समुद्री प्राण्याच्या कवचाचा ठसा, गंडकीच्या खोऱ्यातला. पण परंपरेने त्याचं कारण काय दिलं? वज्रकीटाने दगड कोरला! म्हणजे आपल्या पूर्वजांनी कवचाला ट्रेस फॉसिल समजलं. मी ट्रेस फॉसिल समजलो ते वायूला. अंदाज दोघांचाही चुकला, पण दगडातल्या भोकामागे कुणीतरी जीव असणार ही खोड जुनी दिसते.

सरांनी मला कच्छला पाठवण्याआधी गुहागरला पाठवलं. मी मराठवाड्यातला माणूस, समुद्र तोवर फक्त सिनेमात बघितलेला. ओहोटीच्या वाळूत खेकड्यांच्या बिळांत प्लास्टर ऑफ पॅरिस पातळ करून ओतायचं, वाळलं की हाताने वाळू बाजूला करत साचा काढायचा, हे काम. वरून सगळी भोकं सारखी. आतून एक सरळ, एक इंग्रजी जेसारखं, एक वायसारखं फाटे फुटलेलं. तीन दिवसांत पाठ सोलली, पण त्यानंतर दगडातली नळी बघताना आतला खेकडा दिसायला लागला.

कच्छच्या जुरासिक वाळूखडकात ऑफिओमॉर्फा नावाच्या बिळाचा जीवाश्म पहिल्यांदा हाताला लागला तेव्हा ते प्लास्टर आठवलं. अंगठ्याएवढी नळी आणि बाहेरून मक्याच्या कणसासारखी दाणेदार. दाणे कसले? आज किनाऱ्यावर झिंग्याच्या जातीतले काही जीव असं घर बांधतात. वाळू सैल असते, भिंत ढासळते, म्हणून ते चिखलाच्या गोळ्या करून भिंतीत थापतात. गोवऱ्या थापाव्यात तसं. आतून मात्र भिंत गुळगुळीत, घासून घासून. म्हणजे त्या दाण्यांवरून कळतं की वाळू हलती होती, लाटांचा मारा होता आणि पाणी खारं किंवा निमखारं होतं. शिंपल्याचा एक तुकडा हाताशी नसतानाही.

दुसरी खूण मला त्याहून आवडते. वादळात तळाच्या जिवावर एकदम वीतभर वाळू येऊन पडली की तो वर पळतो, आणि पळताना वाळूचे थर मागे खाली वाकत जातात. कापलेल्या खडकात ते एकात एक ठेवलेल्या द्रोणांसारखे दिसतात. वर पोचलेला द्रोण असला तर जीव वाचला. मध्येच संपला तर काय झालं असेल ते समजून घ्या.

एकट्या खुणेवर मात्र कुणी समुद्र जाहीर करत नाही. जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ झायलाखर (1925–2014) यांनी 1960च्या दशकात खुणांचे गट पाडले. लाटांच्या वाळूत उभी बिळं, कारण तिथे अन्न पाण्यातून वाहत येतं आणि जीव खोल लपून बसतो. शांत, खोल चिखलात आडव्या, वळणावळणाच्या रेघा, कारण अन्न तळावर पसरलेलं आणि एक इंचही सोडायचा नसतो, शेत नांगरल्यासारखं. आधी या गटांना सरळ खोलीची मोजपट्टी समजत. पुढे कळलं की खोलीपेक्षा लाटांचा जोर, तळ मऊ की टणक आणि प्राणवायू किती, हे जास्त ठरवतं. साधी उभी नळी नदीच्या वाळूतही मिळते. म्हणून आम्ही थराथराने मोजतो: कुठल्या खुणा एकत्र आहेत, नळ्या बारीक होत जातात का, प्रकार कमी होतात का. दोन्ही एकदम झालं तर तळाशी श्वास घ्यायला त्रास होता का, अशी शंका घेतो. व्हिडिओत पाच मिनिटांत 'इथे समुद्र होता' म्हटलं जातं, त्याच्यामागे असे दोन-तीन उन्हाळे असतात.

आता लातूर. किल्लारी तुमच्याच तालुक्यात. 30 सप्टेंबर 1993च्या भूकंपानंतर तिथे 617 मीटर खोल बोअर घेतलं. त्यात 338 मीटर बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा दगड, त्याखाली जेमतेम 8 मीटर गाळाचा खडक, आणि मग थेट अतिप्राचीन स्फटिकी खडक. तुमच्या विहिरीच्या खाली समुद्राच्या खडकांची जाड रास दडलेली नाही. दोन लाव्हा थरांच्या मध्ये कधी कधी गाळाचा पातळ पट्टा येतो, तो बहुतेक ठिकाणी गोड्या पाण्याच्या तळ्यांचा. फायसा नावाच्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायी त्यात मिळतात. आणि काळ्या रानात नांगरताना निघणारे ते पांढरे शंख? तेही गोड्या पाण्यातले, कालच्या-परवाच्या गाळातले. लोणारचं पाणी खारट, म्हणून समुद्र, हेही ऐकलंय. ते उल्काघाताने झालेलं विवर आहे.

समुद्र जवळ आला होता तो उत्तरेला. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या बाघला, लाव्हाच्या आधी, साधारण नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी तो नर्मदेच्या खोऱ्यातून आत शिरला होता. तिथे बिळं खरी आहेत, शार्कचे दातही मिळतात. छिंदवाड्याजवळ झिलमिलीला लाव्हा थरांच्या मधल्या गाळात समुद्रातले सूक्ष्मजीव मिळाले. तिथवर खाडी आली होती का, यावर अजून वाद चालतो.

आणि मराठवाड्याच्या अगदी कडेला, पैनगंगेच्या पलीकडे आदिलाबादकडे, खराखुरा समुद्री चुनखडक आहे. शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा किंवा त्याहूनही जुना. मी तिथे दोनदा गेलोय. पातळ, सरळ थर, वहीच्या पानांसारखे एकावर एक, एकही मोडलेला नाही. तळ खणायला, चिखल उलथायला पृथ्वीवर तेव्हा प्राणीच नव्हते. बिळं शोधत आयुष्य काढलेल्या माणसाला ते थर बघताना जरा कसंसंच होतं.

तरी तुमच्या तुकड्याचा फोटो टाका. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे माप कळेल. आणि विहिरीत असताना त्याची वरची बाजू कुठली होती ते खडूने बाण काढून दाखवा. मी पोत्यात नेला तेव्हा हे केलं नव्हतं. सरांनी पहिलं तेच विचारलं, आणि त्या उलट्या वायला मी त्यांच्या टेबलावर अर्धा तास सुलटा वाय म्हणत बसलो होतो.