सिग्नेचर गिटारमध्ये नावाचे पैसे किती आणि गिटारचे किती?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बजेट पन्नास हजारांच्या आत, वाजवायचं मेटल संगीत, आणि नजरेत दोन गिटारी. एक आयबानेझ कंपनीची जेम ज्युनिअर, म्हणजे गिटारवादक स्टीव्ह वाईच्या नावाची (अशा कलाकाराच्या नावाच्या गिटारीला सिग्नेचर म्हणतात). दुसरी डीन कंपनीची व्ही आकाराची, मेगाडेथ बँडच्या डेव्ह मस्टेनच्या नावाची, जी एका दुकानात बऱ्याच दिवसांपासून टांगून आहे. वर तू विचारलंयस, "दादा, सिग्नेचर म्हटल्यावर क्वालिटी चांगलीच असणार ना?"

नाही रे, तसं काही नसतं. स्वस्त सिग्नेचरमध्ये कलाकाराचा आकार, रंग आणि नक्षी मिळते. आतला माल त्या किमतीच्या इतर गिटारींमध्ये असतो तोच. जेम ज्युनिअरचंच बघ. मूळ जेम १९८७ साली आली. ती जपानी बनावटीची, डिमार्झिओ कंपनीच्या पिकअपची (पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग). ज्युनिअर इंडोनेशियात बनते आणि तिच्यात कंपनीचे स्वतःचे क्वांटम पिकअप असतात. आता तिच्या शेजारी त्याच कंपनीची आरजी ३५० ठेव. तोच विझार्ड थ्री नावाचा नेक (गिटारची मान), तेच क्वांटम पिकअप, तसाच दोन्ही टोकांना लॉक होणारा ट्रेमोलो (बार दाबून किंवा ओढून सूर हलवता येतो तो ब्रिज), बॉडीला तेच मेरांटी लाकूड. मग जास्तीचे पैसे कशाचे? बॉडीत धरायला कापलेल्या त्या मुठीचे, फ्रेटबोर्डवरच्या (नेकवरच्या बोटं ठेवायच्या पट्टीवरच्या) वेलीच्या नक्षीचे आणि नावाचे. वेल आवडली असेल तर खुशाल घे, मलाही आवडते. फक्त ती वेल सुरात राहायला मदत करत नाही, एवढं लक्षात असू दे. कुठलीही सिग्नेचर बघायला गेलास की आधी तिची बिननावाची सख्खी बहीण शोध आणि दोघींच्या किमतीतला फरक काढ.

मस्टेनच्या व्हीची गोष्ट जरा वेगळी आहे. हा माणूस आधी जॅक्सन वाजवायचा, मग ईएसपी, २००७ पासून डीन आणि २०२१ पासून गिब्सन. कलाकाराने घर बदललं की जुन्या कंपनीचं मॉडेल बंद पडतं आणि दुकानदाराकडचा माल अडकतो. म्हणजे इथे भाव करायला जागा आहे. पण वर्षानुवर्षं भिंतीवर टांगलेल्या गिटारीला आपल्या इंदूरची हवा लागलेली असते. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीच्या कोरड्या उन्हाळ्यात फ्रेटबोर्डचं लाकूड आकसतं, फ्रेटची (त्यावरच्या आडव्या पट्ट्यांची) धातू काही आकसत नाही, आणि टोकं कडेने बाहेर येतात. माझ्या एका गिटारीचं हे आईच्या आधी लक्षात आलं. ती धूळ पुसत होती आणि फडकं नेकला अडकून फाटलं. तेव्हा दुकानात पहिलं काम म्हणजे तळहात नेकच्या दोन्ही कडांवरून वरपासून खालपर्यंत फिरवायचा. किंचित टोचणं कानशीने निघतं, त्याला घाबरू नकोस. खरवडतच असेल तर भाव करताना ते मोजून घे.

नंतर फ्रेट. माझ्या मते स्वस्त गिटारीतला सगळ्यात मोठा फरक इथे पडतो, आणि इथेच कुणी बघत नाही. मुदत संपलेलं बँकेचं कार्ड घे आणि कापून वेगवेगळ्या लांबीचे तुकडे कर, अख्ख्या लांबीपासून साधारण अडीच सेंटिमीटरपर्यंत. अट एकच, तुकडा एका वेळी बरोबर तीन फ्रेटवर टेकला पाहिजे, म्हणून वर मोठा आणि खाली लहान. कड तारांच्या मधल्या जागेत उभी ठेवून दोन्ही टोकं आळीपाळीने दाब. डुगडुगलं, टक-टक असा बारीक आवाज आला, तर मधला फ्रेट उंच आहे. शेवटच्या फ्रेटपर्यंत असंच जायचं. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे. मग पातळ तारेवर पंधराव्यापासून शेवटच्या फ्रेटपर्यंत मोठे बेंड (तार बोटाने आडवी ताणणं) घे. ताणताना स्वर मध्येच गुदमरून मेला, तर कार्डाने सांगितलं ते कानानेही सांगितलं. एखादा फ्रेट उंच असेल तर घासून ठीक होतो. पाच-सहा असतील तर ती गिटार ठेवून दे.

ट्रस रॉडसाठी (नेकचा बाक कमीजास्त करणारी आतली सळई) पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून सातव्या-आठव्याजवळ तारेखाली बघ. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फट जास्त असणं हा दोष नाही. पण समोरच रॉड फिरवून दाखवायला सांग, आणि फिरतच नसेल तर उठून ये. तसंच हेडस्टॉककडून (नेकचं वरचं टोक) ब्रिजकडे (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) डोळा लावून बघ: सगळ्यात पातळ तार फ्रेटबोर्डच्या कडेवरून घसरायला आली असेल तर नेक वाकडा बसवलाय. बाराव्या फ्रेटवरची तारांची उंची मात्र दुकानातली धरू नकोस, तिथे कुणी सेटअप करत नाही. घरी पातळ बाजूला दीड आणि जाड बाजूला दोन मिलिमीटरच्या आसपास आणता येते.

आता ब्रिज, कारण तुझ्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. मी विशीत असताना एक काळी गिटार घेतली होती. नेकवर कवट्या, ब्रिजवर 'लायसन्स्ड' (म्हणजे फ्लॉइड रोज कंपनीच्या परवान्याने दुसऱ्याने बनवलेला) असं कोरलेलं. दुकानदार म्हणाला, "भिया, बाहर का माल है, आँख बंद करके ले जाओ." मी खरंच डोळे मिटून घेऊन गेलो. तरंगता ब्रिज, म्हणजे तोच ट्रेमोलो, दोन खांबांवर सुरीसारख्या धारेने टेकलेला असतो, आणि त्या धारेची धातू मऊ असेल तर ती बोथट होते. माझी वर्षभरात झाली. बार खाली दाबून सोडला की तारा एका जागी थांबायच्या, वर ओढून सोडला की दुसऱ्याच. हीच परीक्षा तू दुकानात कर: ट्यूनर लाव, बार दाबून तारा पूर्ण ढिल्या कर, सोड, काटा बघ. मग वर ओढ, सोड, पुन्हा बघ. दोन्ही वेळा काटा जवळपास एकाच जागी आला तर धार शाबूत आहे. खांबांभोवतीच्या रंगात तडा आहे का तेही बघ, कारण तिथलं लाकूड चिरलं तर परवडणारा इलाज नाही. फ्लॉइड रोज नाव असलं तरी 'स्पेशल' प्रकारात सॅडल (तारा टेकतात ते तुकडे) आणि खालचा ठोकळा झिंक मिश्रधातूचे असतात. ते वाईट नाहीत, पण मूळ जर्मन बनावटीच्या ब्रिजशी त्यांची तुलना करू नये.

आणि तू लिहिलंयस की अर्धी गाणी साध्या ट्यूनिंगमध्ये, अर्धी ड्रॉप सीमध्ये (तारा खाली उतरवलेलं ट्यूनिंग). मग तरंगता ब्रिज तुझ्यासाठी नाहीच. तिथे तारांचा ताण आणि मागच्या स्प्रिंगा तराजूसारख्या तोललेल्या असतात. एक तार उतरवली की बाकीच्या पाच चढतात, आणि दर वेळी स्क्रू पिळत बसावं लागतं. मागच्या पोकळीत लाकडाचा तुकडा ठोकून ब्रिज अडवता येतो, मी तेच केलं. पण मग ट्रेमोलोचे पैसे दिले कशाला? म्हणून व्ही बघायला गेलास तर ब्रिज पक्का (न हलणारा) आहे का ते आधी बघ. पक्का असेल तर माझं मत तिच्याकडे झुकतं, दहा ते बावन्नचा (जाडी इंचाच्या हजारांशात) तारांचा सेट लावायचा आणि मोकळं व्हायचं. बसून वाजवताना व्ही मांडीवरून घसरते म्हणतात, पण तिची खाच उजव्या मांडीत अडकवली तर उलट छान बसते. पट्टा लावून उभा राहा आणि हात सोड. नेक खाली झुकली तर रुंद, खरखरीत पट्टा लागेल.

पिकअपवर कमीत कमी वेळ घालव, ते नंतर बदलता येतात. एक फसवणूक तेवढी सांगतो. झाकणावर ईएमजी (पिकअप बनवणारी कंपनी) लिहिलंय म्हणजे ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारे) असं नाही, एचझी हे त्यांचेच पॅसिव्ह पिकअप, दिसायला तसेच काळे. नऊ व्होल्टची बॅटरी बसायची जागा कुठे आहे विचार, म्हणजे कळेल. कधी बदलायचे ठरवलेस तर ॲक्टिव्हला पंचवीस के-चे (किलोओहमचे) पॉट, म्हणजे आवाज-टोनच्या बटणांखालचे भाग, लागतात, पाचशेचे नाही.

वाजवून बघताना सुरुवात क्लीनवर (साध्या, न फाटलेल्या आवाजावर) कर. दुकानात मुलं थेट डिस्टॉर्शन (फाटका आवाज) चढवतात आणि त्या गोंगाटात खडखडणारा फ्रेटही गोड लागतो. क्लीनवर प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट एकदा, घाई न करता. मग गेन वाढवून जाड तारेवर पाम म्यूट (तळहाताच्या कडेने तार दाबून वाजवणं) कर आणि एकदम थांब. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर चालेल, वाढत असेल तर अर्थची वायर तुटलेली असू शकते. घरी मात्र गिटारला दोष देण्याआधी प्लग तपास. आमच्या रामबागेतल्या जुन्या वाड्यात तीन पिनांच्या सॉकेटात अर्थ नुसता नावाला होता, आणि मी दोन महिने गिटारच उघडून बसलो होतो.

रविवारी सकाळी जाणार असशील तर इथेच कळव. पोहे खाऊन अकराच्या सुमाराला मी येऊ शकतो, कार्डाचे कापलेले तुकडे माझ्याकडे तयार आहेत.