मराठवाड्यात प्राचीन सस्तन प्राण्यांचे जीवाश्म जमवण्याचा छंद करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही लातूरला राहता, मॅमथवरचा एक माहितीपट पाहिल्यापासून या विषयाची ओढ लागली आहे, आणि तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: आपल्या भागात असे जीवाश्म मिळतात का, आणि संग्रह सुरू करायचा तर ते विकत कुठून घ्यावेत.

पहिल्याचं उत्तर हो, मिळतात, आणि तुमच्या घरापासून फार लांबही नाही. दुसऱ्याचं उत्तर असं की निदान सुरुवातीची काही वर्षं विकत घेऊ नका. मला हा छंद बऱ्याच वर्षांपासून आहे आणि माझ्या संग्रहातली एकही वस्तू विकतची नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आपली जमीन समजून घ्या. मराठवाड्याचा जवळजवळ सगळा पाया म्हणजे काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून आलेला लाव्हा. त्यात सस्तन प्राण्यांची हाडं शोधण्यात अर्थ नाही. विहिरीचं काम चालू असताना पाषाणातून निघालेलं ‘हाड’ म्हणून लोक जे दाखवतात ती बहुतेक वेळा गारगोटी असते, नाहीतर पोकळीत तयार झालेले पांढरे स्फटिक. दगडाच्या चिरेत नेचाच्या पानासारखी जी काळी नक्षी दिसते तीही वनस्पती नाही, ते मँगनीज आहे. लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळ्यांचा गाळ अडकलेला असतो, त्यात मात्र जीवाश्म सापडतात. लातूरहून हैदराबादकडे जाणारी गाडी विकाराबादवरून जाते. त्याच भागातल्या नस्कल इथं अशाच गाळात चिचुंद्रीएवढ्या सस्तन प्राण्याचे दात मिळाले आणि १९८८ मध्ये त्याला डेक्कनोलेस्टिस हे नाव दिलं गेलं. पण ते दात मिलिमीटरमध्ये मोजायचे, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. ते काम प्रयोगशाळेचं.

आपल्यासारख्यांसाठी खरी जागा म्हणजे नद्यांचे काठ. गोदावरी आणि मांजरा यांच्या उंच दरडी नीट पाहा. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर पोयटा, त्यात चुनखडीचे खडे, आणि अगदी तळाशी वाळू-गोट्यांचा थर. हा थर चुन्यानं इतका घट्ट बांधलेला असतो की पहारही उसळते. हत्ती, रानबैल, घोडे, हरणं, पाणघोडे, मगरी, कासवं यांची हाडं प्रामुख्यानं या खालच्या थरांमध्ये असतात. हे सगळे हिमयुगाच्या काळातले प्राणी. तुम्ही पाहिलेला मॅमथ थंड प्रदेशातला. आपल्याकडे होता तो पॅलिओलॉक्सोडॉन नामाडिकस, सरळ सुळ्यांचा हत्ती, आणि तो आजच्या हत्तीपेक्षा बराच मोठा होता.

हे काही नवं संशोधन नाही. १८६५ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ए. बी. विन यांना पैठणजवळ मुंगी इथं हाडं असलेल्या थरात अकीक दगडाचा माणसानं फोडून काढलेला छिलका, म्हणजे कपचा, मिळाला होता. म्हणजे नामशेष झालेले प्राणी आणि माणूस गोदाकाठी एकाच काळात वावरत होते, याचा तो पुरावा. वर नाशिककडे नांदूर-मधमेश्वरला हत्तीची प्रचंड कवटी निघाली, तिच्यावर त्याच सर्वेक्षणाच्या पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये लिहिलं. आणि तुमच्या मांजरेवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात काठानं फिरून काम केलं. तिथल्या प्राण्यांमध्ये पाणघोडाही आहे.

या पाणघोड्यापाशी मला थांबावंसं वाटतं. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते तुम्ही पाहिलं असेल. पाणघोड्याला दिवसाचा बराच वेळ पाण्यात बसावंच लागतं, नाहीतर त्याची कातडी उन्हानं तडकते. तो जिथं राहतो तिथं बारमाही डोह हवा आणि काठाला गवत हवं. म्हणजे मांजरेच्या दरडीतला पाणघोड्याचा एक दात त्या काळच्या पाण्याची साक्ष देतो. भारतातला पाणघोडा सुमारे १६ हजार वर्षांपूर्वीपर्यंत टिकून होता, मग संपला. हिमयुगाच्या अखेरीला पाऊसमान डळमळलं, डोह आटले, हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाला यावर आणखी काय सांगायचं?

रानबैलाचंही तसंच. बॉस नामाडिकस हा आपल्या वशिंडवाल्या गुरांचा रानटी पूर्वज. तुमच्या जिल्ह्यातली देवणी आणि नांदेडकडची लाल कंधारी, दोन्ही त्याच वंशातल्या. पोळ्याला सजवलेली जोडी पाहताना मला दरडीतल्या जाडजूड शिंगाच्या बुंध्याची आठवण होतेच.

आता ओळखायचं कसं. सुरुवात दातांपासून करा, कारण दात सर्वांत जास्त टिकतात आणि सर्वांत जास्त सांगतात. बैलाच्या दाढेच्या माथ्यावर चंद्रकोरी दिसतात. घोड्याची दाढ उंच, चौकोनी खांबासारखी आणि इनॅमलच्या घड्या गुंतागुंतीच्या. हत्तीच्या दाढेवर आडव्या चपट्या पट्ट्या एकामागे एक असतात, आणि बऱ्याचदा पूर्ण दाढेऐवजी सुटी झालेली एखादीच पट्टी हाती येते. जवळपासच्या खाटकाकडून किंवा शेतातून मेलेल्या गाई, म्हशी, शेळ्यांचे जबडे मिळवून आधी तेच नीट पाहून ठेवा. हा अभ्यास कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त कामाला येतो. हाड जुनं की कालचं, हा प्रश्न पडला तर एखाद्या बारीकशा सुट्या तुकड्याला तापवलेली सुई टेकवा. केस जळल्याचा वास आला तर ते ताजं आहे. दगड झालेलं हाड जड लागतं, वास देत नाही.

जागा शोधायला मोठं साहस लागत नाही. पावसाळ्यानंतर पाणी उतरलं की दरडीच्या पायथ्याशी पडलेला माल पाहत चला. उन्हाळ्यात नाथसागर (पैठणचं जायकवाडी धरण) आणि मांजरा धरणाचं पाणी मागं हटतं तेव्हा आणखी काठ उघडा पडतो. आणि बांधकामावर जिथं वाळू चाळतात, तिथं चाळणीवर उरलेले गोटे जरूर पाहा. गवंडी फेकून देतात त्यात दात असू शकतो. मात्र त्याचा पत्ता हरवलेला असतो, हे मला फार सलतं. वाळूच्या उपशात हे थर रात्रीतून जातात आणि काय गेलं ते कुणालाच कळत नाही.

म्हणूनच या छंदातली माझी एकच आग्रहाची गोष्ट: हाडापेक्षा त्याची नोंद आधी. ते कुठल्या काठावर होतं, पाण्यापासून किती उंचीवर, कुठल्या थरात की खाली सुटं पडलेलं, शेजारी दगडी हत्यार होतं का, हे लिहा. फोनवर जीपीएस आहे, ते टिपा. शेजारी पेन ठेवून फोटो काढा, आधी जवळून, मग लांबून पूर्ण दरडीसकट. घरी आल्यावर हाडावर पारदर्शक नेलपॉलिशचा छोटा ठिपका, त्यावर काळ्या शाईनं क्रमांक, वर पुन्हा एक थर, आणि तोच क्रमांक वहीत. अशी नोंद असलेला हरणाचा अर्धा दात संशोधकाच्या उपयोगाचा असतो. नोंद नसलेली हत्तीची अख्खी दाढ शोकेसमध्ये बसते, बस्स.

उचलायचं ते फक्त सुटं पडलेलं. दरडीत रुतलेलं काही दिसलं, त्यातही कवटी, जबडा किंवा एकमेकांना जोडलेली हाडं, तर खोदू नका. फोटो काढा, वर माती सारून झाका आणि डेक्कन कॉलेजला किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा. खणताना हाडाचा भुगा होतो आणि उभी दरड अंगावर येते, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकट्यानं जाऊ नका. ज्याच्या रानातून उतरायचं त्याला विचारा; भोई आणि काठावरचे शेतकरी यांना विचारपूस केली तर ‘राक्षसाचं हाड’ कुठं दिसलं होतं ते तेच दाखवतात.

ओलं हाड उन्हात वाळवू नका, सावलीत हळूहळू वाळू द्या, नाहीतर तडे जातात. मऊ ब्रशनं घासा. वार्निश, तेल, फेव्हिकॉल काही लावू नका. तुटतच असेल तर ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक रेझिन पातळ करून लावतात, कारण ते नंतर काढता येतं.

कायद्याचं थोडक्यात. संरक्षित पुरातत्त्वीय जागेत हात लावायचा नाही. दगडी हत्यारं मिळाली तर ती मानवनिर्मित प्राचीन वस्तू ठरतात. १९७२ च्या कायद्यानुसार ती विनापरवाना विकता येत नाहीत आणि परदेशी पाठवता येत नाहीत. जीवाश्म आणि भूवारशाच्या जतनासाठी २०२२ मध्ये केंद्रानं विधेयकाचा मसुदा मांडला होता, तेव्हा पुढे नवे नियम येऊ शकतात, हे लक्षात ठेवून वागा.

विकतच्या मालाबद्दल एवढंच, की ऑनलाइन मिळणाऱ्या दातांना बहुधा पत्ताच नसतो, आणि आपण पैसे मोजले की कुठल्यातरी नदीवर कुणीतरी खोदायला लागतो. घरात एखादी कवटी हवीच असेल तर प्लास्टरची प्रतिकृती घ्या.

आणि संग्रह मोठा झाला तर त्याचं काय करायचं, तेही आत्ताच ठरवून ठेवा. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आणि पैठणच्या बाळासाहेब पाटील यांनी आपापल्या गावात हौसेनं जुन्या वस्तू गोळा केल्या. आज दोन्ही गावांतली शासकीय संग्रहालयं त्यांच्या नावानं आहेत. तेर तुम्हाला लातूरहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. तिथं जीवाश्मांसाठी नव्हे, एका माणसाच्या हौसेतून काय उभं राहतं ते पाहायला जा. मांजरेच्या काठानं कधी निघालात आणि काही दिसलं, तर इथंच फोटो टाका, पेन शेजारी ठेवून. ओळख पटवायला मी आनंदानं मदत करेन.