सह्यांच्या रजिस्टरपासून सुरुवात कर

कोल्हापूर

प्रिय पोरी,

शिक्षण नेतृत्व आणि धोरण या विषयात पीएचडी करायची म्हणतेस, वाचून ऊर भरून आला. शिवाजी विद्यापीठाला कर, नाहीतर दिल्लीच्या 'नीपा'ला, त्या शैक्षणिक नियोजनाच्या राष्ट्रीय संस्थेला अर्ज कर, ते पुढं बघू. आधी तो विषय बदल. 'राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ची अंमलबजावणी' हा विषय एका माणसाच्या आवाक्यातला नाही. नियमानं किमान ३ आणि कमाल ६ वर्षं मिळतात, त्यात तुझी नोकरी आणि घर.

एक गोष्ट सांगतो, आजवर कुणाला सांगितली नव्हती. मी केंद्रप्रमुख होतो, आसपासच्या शाळा तपासायचो, तेव्हाची. शाहूवाडीकडच्या डोंगरातली दुशिक्षकी शाळा. शाळा व्यवस्थापन समितीचं रजिस्टर उघडलं. दर महिन्याची बैठक, ठराव, खाली सगळ्यांच्या सह्या, सगळ्या एकाच निळ्या पेनानं. दारात एक आई पोराला सोडायला आली होती. तिचंही नाव त्या यादीत होतं. विचारलं, "बैठकीत काय ठरलं?" म्हणाली, "मास्तर घरी येत्यात, सही घेत्यात."

मी भेटवहीत लिहिलं, 'बैठका नियमित.' ती चूक माझी. अजून सलते.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका बसवल्या. पण बैठक दुपारी दोनला, रोपलागणीचे दिवस. त्या बाईनं रोजगार बुडवून का यावं? आणि मास्तर तरी काय करणार, दोघांत चार वर्ग, वर ऑनलाइन माहिती भरायची. लबाड त्यातलं कुणीच नव्हतं. कायदा आणि ती दुपार यांच्यामध्ये नेमकं काय होतं, हे शोधायला संशोधक लागतो. तुझा विषय तिथं आहे.

त्यासाठी पाच-सहा शाळा पुरतील, पण वर्षभर जा. बैठकीला बस, कोण बोलतं, कोण नुसतं ऐकतं ते लिही. प्रश्नावली नंतर. शंभर मुख्याध्यापकांना फॉर्म पाठवलास तर शंभर जण 'बैठका नियमित' असंच लिहितील.

वाचनात शाहू महाराजांचे शिक्षणाचे हुकूम मुळातून वाच. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोर शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. पण त्याच्या कितीतरी आधी, १९०१पासून, वसतिगृहं उभी राहत होती. पोरानं राहायचं कुठं, जेवायचं काय, याचा विचार सक्तीच्या आधी झाला होता. धोरण कसं वाचायचं ते मला तिथं उमगलं. आजऱ्याच्या बहिरेवाडीचे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकही वाच. देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव झाले, पण त्याआधी गारगोटीत मौनी विद्यापीठ उभं करताना गाव जवळून पाहिलेलं होतं.

मार्गदर्शक निवडताना नावाला भुलू नकोस. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना भेट, मसुदा किती दिवसांत वाचून परत मिळतो ते विचार.

एका पानाचा आराखडा लिहून रविवारी सकाळी घरी ये. सोबत तुझ्या शाळेचं समितीचं रजिस्टर बघून ये, सह्या नीट बघ.

तुझे,
सर